उशाला समुद्र

इंदापुरात आमच्या घराचं पुढचं दार गेल्या पाच वर्षांत रात्री एकदाही लागलेलं नाही. जाळीचं दार तेवढं कडी न लावता ओढून घेतो आणि झोपतो. त्या जाळीच्या कृपेने शेजारणीची कोंबडी माझ्या चपलेत अंडं घालून गेलेली आहे आणि एकदा पहाटे एक बोकड आत येऊन देवापुढची झेंडूची फुलं खाऊन गेला. थंडीत मी दोन गोधड्या आणि यांचा जुना स्वेटर घेऊन झोपते, पण दार उघडंच.

याचं कारण आधी सांगायला हवं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे हे एकोणीस दिवस दवाखान्यात होते. खिडक्यांच्या काचा बंद, पडदे ओढलेले, दार आपोआप मिटणारं. शेजारच्या खाटेवरचा माणूस एका पहाटे गेला. त्याला न्यायला कुणी येईपर्यंत यांना त्याच बंद खोलीत पडून राहावं लागलं. हे बरे होऊन घरी आले, पण तेव्हापासून बंद खोलीत झोप नाही. छाती धडधडते, उठून बसतात, दार उघडेपर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून सगळी नोकरी केलेला माणूस. वाफेला भ्याला नाही, यंत्राला भ्याला नाही, आणि एका कडीला भ्यायला लागला.

त्यामुळे आम्ही कुठं मुक्कामालाच जात नव्हतो. भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेलो, तर जेवणाच्या पंगतीतून उठून तसेच परत निघालो. लोकांना वाटलं रुसलो.

आमची एकुलती एक मुलगी मनीषा कॅनडात असते. या उन्हाळ्यात तिचं बाळंतपण. "दोघंही या," म्हणाली. पण विमान म्हणजे न उघडणारी खिडकी आणि तीही अख्खी रात्र. हे मला म्हणाले, "तू जा. मी हितंच बरा हाय." यांना एकटं सोडून मी कशी जाणार, आणि लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला न जाऊन तरी कशी राहणार? शेवटी मनीषानेच तोड काढली. मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारं मोठं जहाज असतं, त्यात काही खोल्यांना समुद्राकडे बाल्कनी असते आणि तिचं दार उघडता येतं. "चार रात्री घराबाहेर काढून बघा," ती म्हणाली. "बाबांना जमलं तर पुढचं बोलू." आणि आम्ही हो-नाही करेपर्यंत तिकिटं मोबाइलवर येऊन पडलीसुद्धा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. समुद्र शिकवताना पोरांना उजनीच्या पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, "याला पलीकडचा काठ नाही असं समजा." स्वतः मी अलिबागला एकदा गुडघाभर पाण्यात उभी राहिले होते, एवढाच माझा समुद्र.

पहिला दिवस : नववा मजला

जहाज पाहिल्यावर मला जहाज दिसलंच नाही. धक्क्यावर एक पांढरी इमारत दिसली. तिच्यामागे जहाज असेल असं समजून मी मान वाकडी करत राहिले. हे म्हणाले, "अगं, हेच हाय ते."

आमची खोली नवव्या मजल्यावर. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारं, खाली मऊ गालिचा. बोळात शिरल्याबरोबर यांची पावलं मंदावली, ते मी पाहिलं. खोलीत गेल्यावर मात्र पिशव्या खाली न ठेवताच सरळ समोरच्या काचेच्या दाराकडे गेले आणि मूठ खाली दाबून ते ढकललं. समुद्राचा वारा आत आला आणि त्याच क्षणी खोलीतला एसी बंद पडला.

"मोडला का काय?" हे घाबरले.

तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या खोल्या सांभाळणारी बाई टॉवेल घेऊन आली. तिने बोळाकडचं दार उघडलं मात्र, बाल्कनीतून आलेला वारा त्या दारातून असा सुसाट निघाला की टेबलावरचे कागद उडाले, पडदा आडवा झाला आणि यांच्या डोक्यावरची कानटोपी उडून तिच्या कानाजवळून बोळात गेली. बाई शांतपणे गेली, दहा-बारा दारं पलीकडून टोपी घेऊन आली आणि म्हणाली, "अंकल, एक दार उघडायचं तर दुसरं बंद ठेवायचं. दोन्ही उघडली की वारा तुमचं सामान गोव्याला नेतो."

तिचं नाव जेनिफर. पंचेचाळिशीची, गोव्याकडची, मराठी छान समजणारी आणि बेताची बोलणारी. सतरा वर्षं जहाजांवर काम करत होती. बाल्कनीचं दार उघडलं की एसी आपोआप थांबतो, हेही तिनेच सांगितलं. मी हळूच विचारलं, "रात्री उघडं ठेवून झोपलं तर चालेल?"

ती म्हणाली, "मॅडम, मला विचारलं तर मी नाही म्हणणार. खोलीत दमट हवा येते. म्हणून विचारू नका."

संध्याकाळी जहाज सुटलं ते कळलंच नाही. मुंबईच मागे सरकायला लागली. आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे. दिवे लागत गेले, बारीक होत गेले आणि मग खाली फक्त पाणी उरलं. साठीच्या बाईने लहान मुलीसारखं नवऱ्याचा दंड धरून उभं राहावं, तशी मी उभी होते.

झोपताना दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली यांचा बूट लावला. पलंग असा की उशी दारापासून चार हातांवर. आवाज मी समजत होते तसा नव्हता. किनाऱ्यावर लाट येते, फुटते, थांबते. इथं थांबणं नाहीच. एकसारखी घरघर आणि तिच्यावर पाणी कापल्याची सळसळ. हे पडल्या पडल्या म्हणाले, "गाळप चालू असल्यावानी वाटतंय."

कारखान्याच्या वसाहतीत आम्ही वीस वर्षं राहिलो. हंगामात रात्रंदिवस मिलचा आवाज असायचा आणि त्यात आम्ही गाढ झोपायचो. हंगाम संपून आवाज बंद झाला की त्या शांततेने जाग यायची. त्याची आठवण काढता काढता हे घोरायला लागले. मी मात्र बराच वेळ जागी होते. मधेच उठून बाल्कनीतल्या खुर्चीवर जाऊन बसले, आत येऊन यांच्याकडे पाहिलं, पुन्हा बाहेर गेले. चादर हाताला ओलसर लागत होती आणि ओठ खारट झाले होते.

दुसरा दिवस : भिंतीपलीकडचे तात्या

सकाळी न्याहारीला गेलो आणि गोंधळलो. इडली, पुरी, पोहे, पाव, सात तऱ्हेची फळं, काय घ्यावं आणि काय सोडावं. यांनी ताटात फक्त पोहे घेतले, कारण "वळखीचं तेवढंच हाय". मी सगळं थोडंथोडं घेतलं आणि त्यातलं बरंच आवडलं. पोह्यांत मात्र शेंगदाणे नव्हते.

खोलीत येऊन बाल्कनीत बसलो. शेजारच्या बाल्कनीत आणि आमच्यात एक उभा पत्रा होता. पलीकडचं काही दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मी यांना म्हणाले, "अहो, तिथं नका बसू, हितं बसा, तिथं लय ऊन आहे."

पत्र्यापलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "कुठल्या वो तुमी?"

मी दचकले. म्हणाले, "इंदापूर."

"म्हंजे घरचंच की. आमी माळेगाव बुद्रुक."

यांना तर काय झालं सांगता येत नाही. खुर्ची ओढत पत्र्याला जाऊन चिकटले. पलीकडे होते तात्या. ऐंशी ओलांडलेले, ऊस शेती, बारामतीत बँकेत असलेल्या लेकीबरोबर आलेले. दोघांनी तोंडं न बघता तासभर गप्पा मारल्या. कोणत्या वाणाला उतारा चांगला, कोणत्या वर्षी बॉयलर पेटायला उशीर झाला, उजनीचं पाणी कुठपर्यंत आलं. समोर अथांग समुद्र आणि बोलणं उसाचं.

मग पत्र्याच्या कडेने, समुद्राच्या बाजूने, एक सुरकुतलेला हात बाहेर आला. हातात कागदाची पुडी. "धरा. शेंगदाण्याची चटणी हाय. भाकऱ्या तपासणीत काढून घेतल्या, एवढी तेवढी ऱ्हायली."

खाली नऊ मजले आणि त्याखाली पाणी. मी ओरडलेच, "तात्या, हात आत घ्या आधी. आम्ही बोळातून येतो."

बोळातल्या दारात तात्या पहिल्यांदा दिसले. आवाजावरून मी मोठा गडी समजले होते, निघाले माझ्या खांद्याएवढे. धोतर, पांढरा सदरा, पायात जहाजाने दिलेल्या पांढऱ्या सपाता. त्यांची लेक मागून कपाळाला हात लावत म्हणाली, "काल हे बाल्कनीत फरशीवर झोपले. पलंग मऊ लागतो म्हणे." दुपारी ती चटणी आम्ही जहाजाच्या फुलक्यांबरोबर खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या दिल्लीकडच्या कुटुंबाने वास घेऊन विचारलं, तर त्यांनाही चिमूट चिमूट दिली. त्यांचा मुलगा अर्धा तांब्या पाणी प्यायला आणि पुन्हा मागायला आला.

त्या दुपारी उडणारे मासे पाहिले. जहाजाच्या पोटाजवळून चांदीच्या सुया उडाव्यात तसे निघत होते, बरंच अंतर हवेत जात होते आणि पाण्यात शिरत होते. हे मी पुस्तकातून तीस वर्षं शिकवलं होतं. खरं सांगायचं तर माझा विश्वास आज बसला.

तिसरा दिवस : बेट आणि बंद दार

सकाळी जागी झाले तर पाण्याचा रंग बदललेला. लांब गर्द निळा, जवळ पोपटी, आणि मधे नारळाच्या झाडांची एक रेघ. लहान बोटींतून आम्हाला बेटावर नेलं. पाणी इतकं स्वच्छ की बोटीची सावली तळावर वेगळी दिसत होती.

यांनी किनाऱ्यावर उतरल्याबरोबर खाली वाकून मूठभर वाळू उचलली, तळहातावर पसरली, बोटाने चोळली आणि म्हणाले, "बारीक दाणा. अशी साखर निघाली असती तर साहेबानं पाठ थोपटली असती." पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात चालत गेले ते चालतच राहिले. पाणी कमरेच्या वर येईना. मी काठावरून हाका मारते आहे आणि हे हात हलवत आणखी पुढं. कारखान्याच्या वसाहतीत सायकल घेऊन फिरणारा पंचविशीतला माणूस मला क्षणभर दिसला.

नारळाच्या झाडाखाली एक बाई शहाळी विकत होती. डोक्यावरून पांढरी ओढणी, हातात कोयता. तिला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम नाही. तिने यांच्याकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, तुझा का? मी मान हलवली. तिने दूर वाळूवर जाळं विणत बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं आणि कपाळाला हात लावला. दोघी हसलो. पैसे दिल्यावर तिने आणखी एक शहाळं फोडलं आणि यांच्यासाठी बाजूला ठेवलं.

संध्याकाळी जहाजावर परतलो, अंघोळी केल्या, आणि जेवताना वरच्या कर्ण्यातून सूचना आली. रात्री वारा वाढणार आहे. सर्वांनी बाल्कनीची दारं बंद करून कडी लावावी. सकाळी सांगेपर्यंत उघडू नयेत.

यांनी घास ताटात ठेवला.

खोलीत आलो तर वारा दाराला धडका देत होता. मी कडी लावली. हे पलंगाच्या कडेला बसले. "तू झोप," म्हणाले. "मी जरा बसतो." थोड्या वेळाने श्वास जोरात व्हायला लागला. कपाळावर घाम. उठून बोळाकडचं दार उघडलं, बोळात गेले. तिथंही दोन्ही बाजूंना बंद दारंच. परत आले. "मला जमायचं न्हाय," म्हणाले. "पोरीला सांग, मी येत न्हाय." मला रडू आवरेना. विमानाचं काय होईल ते होवो, आजची रात्र कशी काढायची हेच कळत नव्हतं.

बोळात जेनिफर होती. वाऱ्यामुळे सगळ्या खोल्यांची दारं नीट लागलीत का बघत फिरत होती. तिने यांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "अंकल, बरं नाही? डॉक्टर बोलावू?"

मी तिला खरं सांगितलं. दवाखाना, एकोणीस दिवस, सगळं.

तिने हातातली टोपली खाली ठेवली. म्हणाली, "माझी खोली खाली आहे, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. पहिल्या वर्षी मी पण झोपत नव्हते. मला वाटायचं हवा संपणार. एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं ते मी केलं." तिने टोपलीतून मऊ पांढऱ्या कागदाची पट्टी फाडली, खुर्चीवर चढली आणि छताजवळच्या एसीच्या जाळीत तिचं टोक अडकवलं. पट्टी आडवी होऊन फडफडायला लागली.

"हवा दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो," ती खाली उतरत म्हणाली. "आता दिसते. ती हलते तोपर्यंत हवा आहे. थांबली तर मला फोन करा, मी येते."

ती गेल्यावर हे पट्टीकडे पाहत राहिले. मग उठले, जाळीवर तळहात धरला, खाली दारापाशी वाकून तिथं बोट धरलं. बोलले ते फिटरच्या आवाजात, जो मी किती वर्षांत ऐकला नव्हता. "वरनं येतीय, खालनं निघून जातीय. फिरतीय बघ. बरोबर बशिवलंय."

पाठीवर झोपून ते पट्टीकडे बघत राहिले. एकदा उठले, पाणी प्यायले, पुन्हा पडले. जहाज डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश कलत होतं, कपाटातले हँगर एकमेकांवर वाजत होते. कधीतरी माझा हात त्यांनी सोडला. पाहिलं तर झोपले होते. दार बंद, कडी लागलेली, आणि हे झोपलेले.

मी आनंदाने रात्रभर जागी राहिले. निदान मला तसं वाटलं.

चौथा दिवस : तात्यांनी सांगितलं ते

दुपारी वारा पडला आणि दारं उघडायची परवानगी मिळाली. आम्ही बाल्कनीत गेलो. पलीकडून तात्यांचा आवाज, "झोप झाली का?"

"लागली तात्या," हे म्हणाले. आवाजात अभिमान होता. "दार बंद करून लागली."

"तुमची लागली वो. मास्तरीणबाईंचं काय?"

मी म्हणाले, "माझं काय?"

"पयल्या दोन्ही राती तुमची खुर्ची वाजत व्हती. आत जाता, बाहीर येता. मी म्हातारा, मला झोप न्हाय, म्हून ऐकू येतं. ह्यांचं घोरणं पण ऐकू येतं. माणूस घोरतोय आन बाई राखण करतीय."

मी हसण्यावारी नेणार होते. पण हे माझ्याकडे बघत होते. मग माझंच मला लक्षात आलं. दवाखान्यातून आल्यापासून मी यांचा श्वास मोजत झोपते. आधी वर-खाली होणारी छाती बघायची, मग डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा बघायचं. कुणी मला सांगितलं नव्हतं. इतकी सवय झाली होती की मी त्याला जागरण म्हणतच नव्हते.

"रोज?" यांनी विचारलं.

मी मान हलवली. पत्र्यापलीकडे तात्यांनी खुर्ची सरकवली आणि ते आत निघून गेले. एवढं समजतं माणसाला.

हे पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "मुंबईला रेंज आली की मनीषाला फोन लाव. म्हणावं दोन तिकिटं काढ. कागदाची पट्टी मी खिशातनं नेतो."

दोन तिकिटं काढून झाली आहेत. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. पण त्या दुपारी मला तिकिटांपेक्षा चहाची जास्त गरज होती. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो, प्रत्येकी दोन कप चहा प्यायलो आणि तात्यांच्या लेकीला पत्त्यांत हरवलं.

त्या शेवटच्या रात्री समुद्र तेलासारखा सपाट होता. यांनी दार उघडलं, बूट लावला आणि मला दाराच्या बाजूला झोपायला सांगितलं. "आज हिकडची बाजू तुझी," म्हणाले. "मी बसलोय खुर्चीवर. माझ्याकडं बघायचं न्हाय. भिताडाकडं तोंड कर."

मी ऐकलं. पाठीवर गार वारा येत होता. खालून पाण्याची सळसळ येत होती. मी सवयीने एक-दोन श्वास मोजले असतील, तिसऱ्याचं मला आठवत नाही.

पाचवा दिवस : मुंबई

डोळे उघडले तेव्हा समोर समुद्र नव्हता. धक्क्यावरची पिवळी क्रेन होती आणि तिच्या टोकावर एक घार बसलेली. ऊन पलंगावर पोटापर्यंत आलं होतं. बोळात पेट्यांच्या चाकांचा आवाज, कर्ण्यातून कुठल्या मजल्याने कधी उतरायचं त्याच्या सूचना.

हे खुर्चीवर बसले होते. अंघोळ झालेली, बूट घातलेले, पिशव्या भरून दारापाशी ठेवलेल्या.

"अहो, आपला मजला बोलावला का?"

"दोनदा."

"मग उठवलं का नाही?"

"उठवायलाच आलतो," हे म्हणाले. "तेवढ्यात तू कूस बदललीस आन तोंडावर पांघरूण घेऊन पुन्हा झोपलीस. तुला असं झोपलेलं बघून लय वर्षं झाली. मग बसलो बघत. जेनिफर आलती, तिला म्हटलं, आमची खोली शेवटाला झाड."

बाहेर कुणीतरी तिसऱ्यांदा आमचा मजला पुकारला. मी उठायला लागले, तर यांनी हातानेच थांबवलं.

"पड अजून जरा. जहाज काय आपल्याला घेऊन परत सुटत न्हाय."

मी पांघरूण पुन्हा तोंडावर ओढून घेतलं.